तीस दिवसांची पाहुणी

"ओठ मिटा. समोर बघा. हसू नका."

फोटोवाल्याने हे तिसऱ्यांदा सांगितलं आणि धाकटीचा पारा चढला. फोटोवाला बोलत होता ती परक्या देशाची भाषा तिला सहा वर्षांत चांगली येऊ लागली होती. पण राग मात्र अजून मराठीतच यायचा.

"हसतंय कोण डोंबलाचं!" स्टुलावर ताठ बसल्या बसल्या ती पुटपुटली. "नोकरी गेली, व्हिसा चालला, आणि ह्या शहाण्याला वाटतंय मी हसतेय."

कॅमेऱ्यामागून, स्वच्छ मराठीत, अगदी हळू आवाजात उत्तर आलं…

"हसत नसाल हो… पण ओठ हलतायत. बोलतानाचा फोटो ते लोक घेत नाहीत."

भुईने जागा दिली असती तर धाकटी स्टुलासकट आत गेली असती. तिच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या, आणि नेमका त्याच क्षणी फ्लॅश उडाला. फोटो तसा बरा आला. चेहरा गंभीर, कान तेवढे लाल.

"सॉरी हं," ती म्हणाली. "मला काय माहीत तुम्ही…"

"शहाणा म्हणालात ते असू द्या," कात्रीने फोटो कापत तो म्हणाला. "इथे कोणी म्हणत नाही मला."

"मग रोज येऊन म्हणत जाईन," ती पटकन बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

धाकटी हे काही तिचं नाव नव्हे. तीन बहिणींतली शेवटची, म्हणून घरात सगळे तिला धाकटीच म्हणायचे. आणि आई फोनवर इतक्या मोठ्याने हाक मारायची की लॅबमधल्या परक्या लोकांनीही तेच उचललं होतं. लॅब म्हणजे रक्त तपासायची नव्हे, दात बनवायची. शहरातले दातांचे डॉक्टर माणसांच्या तोंडाचे साचे पाठवायचे आणि धाकटी त्यावरून कॅप करायची. पोर्सेलीनची बारीक पूड पाण्यात कालवून ब्रशने थरावर थर चढवायचा, भट्टीत भाजायचं, पुन्हा चढवायचं. शेजारच्या दाताशी रंग ती असा जुळवायची की ज्याचा दात त्यालाही आरशात सापडू नये. माणसांचे चेहरे ती साफ विसरून जायची. दात विसरत नसे.

मग लॅबच्या साहेबांनी एक यंत्र आणलं. कॉम्प्युटरवरून पाऊण तासात दात कोरून देणारं, न थकणारं, चहाला न उठणारं. अकरा माणसांची चार झाली आणि त्या चारांत धाकटी नव्हती. नोकरीच्या जोरावर मिळालेला राहण्याचा व्हिसा नोकरीबरोबरच संपणार होता, महिन्याअखेरच्या शुक्रवारी.

आई फोनवर म्हणायची, "आता पुरे झालं गं परक्या देशात. ये घरी." पण धाकटीला जायचं नव्हतं. एका मोठ्या इस्पितळाच्या दंतविभागात ती परीक्षा देऊन आली होती, दोन दात करून दाखवले होते. उत्तर यायला महिना-दीड महिना लागणार होता. हो म्हणाले तर पुन्हा व्हिसा, पुन्हा सगळं. पण तोवर राहायचं कोणत्या नात्याने?

त्यावरचा उपाय परवाना कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितला. धाकटीच्या पासपोर्टवर त्या देशात तीस दिवस व्हिसाशिवाय पर्यटक म्हणून राहता येत होतं. मात्र घरबसल्या रहिवाशाचा पर्यटक होता येत नाही. आधी सीमेबाहेर जायचं, जाताना रहिवासी कार्ड जमा करायचं, आणि परत येताना पाहुण्यांच्या रांगेतून पासपोर्टवर नवा शिक्का घ्यायचा. त्या दिवसापासून तीस दिवस मोजायचे. त्या तीस दिवसांत काम करायला सक्त मनाई. "एक दातसुद्धा नाही," धाकटीचा धंदा फॉर्मवर वाचून बाई म्हणाल्या होत्या.

आधीच धाकटीच्या पायाला भिंगरी. बस नऊची असली तर ही साडेआठला थांब्यावर. आता तर जीव पुरता टांगणीला लागला होता. सकाळी उठली की फोन बघायचा, इस्पितळाचं काही नाही. दात घासताना बघायचा, नाही. मग खोलीत येरझाऱ्या. त्यात खिडकीवरच्या बाईंनी कार्ड जमा करायच्या फॉर्मवरचे फोटो परत केले, केसांची बट भुवईवर आली होती म्हणून. पुढच्या वेळी भुवयाच उंचावल्या होत्या. तिसऱ्यांदा फोटो चालले, पण फॉर्मच बदलला होता आणि नव्या फॉर्मला फोटो वेगळ्या मापाचे हवे होते.

प्रत्येक वेळी धाकटी रस्ता ओलांडून समोरच्या स्टुडिओत. आणि खरं सांगायचं तर पाचव्या खेपेपासून फोटो नको असले तरी.

स्टुडिओ होता मावशींचा. मावशी म्हणजे फोटोवाल्याची सख्खी मावशी. यजमान गेल्यावर दुकान एकटीला ओढवेना, म्हणून त्यांनी नऊ वर्षांपूर्वी भाच्याला बोलावून घेतलं. तो आता तिथला कायमचा रहिवासी होता. माणूस कामाला चोख, आवाजाला हळू आणि कशालाही घाई नसलेला. धाकटी बोलत राहायची, तो ऐकत राहायचा. ऐकताना फोटो नेहमी कडेने धरायचा, बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून. त्या बोटांकडे आपण जरा जास्तच बघतो, हे धाकटीच्या लक्षात आलं होतं. लक्षात येऊनही ती बघायची.

"एक विचारू?" एकदा ती म्हणाली. "तुमच्या वरच्या मधल्या दाताची कॅप कोणी बसवली?"

त्याचे ओठ असे मिटले की जणू त्याचाच पासपोर्टचा फोटो काढायचा होता.

"तात्पुरती आहे," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. "शटर ओढताना लागलं होतं."

"किती दिवसांची तात्पुरती?"

"…चार वर्षं."

"चार वर्षं!" धाकटी ओरडलीच. "पिवळी पडलीय हो ती. म्हणून तुम्ही कधी हसत नाही!"

"दिवसभर लोकांना हसू नका सांगतो. तेच अंगवळणी पडलंय."

"थापा मारतोय," गल्ल्यामागून मावशी म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई चारदा म्हणाल्या, पक्की बसवून घे. हा म्हणतो, काय घाई आहे! ह्याला कशाचीच घाई नसते."

"आणि मला सगळ्याचीच असते," धाकटी म्हणाली.

"मग जमेल की," मावशी मान वर न करता म्हणाल्या.

त्यावर फोटोवाल्याला कॅमेऱ्याची काच पुसायची आठवण झाली, आणि धाकटीने फोन काढून इस्पितळाचं उत्तर आलंय का ते बघितलं. तीन मिनिटांपूर्वीच बघितलं होतं, तरी.

दिवस असेच चालले होते, पण त्याच्या तोंडून पुढचा शब्द निघत नव्हता. धाकटीला कळत होतं की तो तिच्या वाटेकडे डोळे लावून असतो. ती दारात दिसली की स्टुलावरची धूळ झटकली जायची. पण त्यापुढे गाडी जात नव्हती. शेवटी न राहवून तिने विचारलं, "तुम्ही सगळ्यांशीच इतकं मोजून-मापून बोलता?"

त्याने हातातला फोटो पाकिटात सरकवला. मग म्हणाला, "आमच्या दुकानात माणूस दोनदाच येतो. राहायला आला की एकदा, आणि जायला निघाला की एकदा. मधल्या काळात कोणी येत नाही."

"मी येतेय की."

"तुम्ही… जायला निघालेल्या आहात."

तो हे कडवटपणे बोलला नव्हता, म्हणूनच ते तिला जास्त लागलं. त्या रात्री तिने तिकिटं बघितली, बंद केली, पुन्हा बघितली.

व्हिसा शुक्रवारी संपणार, तर धाकटी बुधवारीच सीमेवर. "शुक्रवारपर्यंत थांबा," असं फोटोवाल्याने सांगितलं होतं. पण ती कसली थांबतेय! सकाळच्या पहिल्या बसने दीड तासात सीमेवरचा पूल गाठला. हा पूल तिच्या ओळखीचा होता. लॅबसाठी पोर्सेलीनचे डबे पलीकडच्या गावातून आणायला ती कितीदा तरी गेली होती. पुलापलीकडे जाऊन तिने कँटीनमध्ये चहा घेतला, परत आली, आणि दुपारी बाराच्या ठोक्याला स्टुडिओत हजर झाली.

"झालं!" तिने पासपोर्ट त्याच्यासमोर ठेवला. "आजपासून मी तुमच्याकडची पाहुणी. तीस दिवस."

त्याने पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"शिक्का कुठेय?"

"असेल की. नीट बघा."

"कुठल्या रांगेत उभ्या होतात?"

"नेहमीच्याच…" म्हणता म्हणता धाकटीचा आवाज बारीक झाला.

"आणि कार्ड?"

तिने पर्स उघडली. कार्ड तिथेच होतं, सहा वर्षं ज्या कप्प्यात असायचं त्याच कप्प्यात. जाताना सवयीने रहिवाशांच्या फाटकातून गेली होती, येताना सवयीने रहिवाशांच्या खिडकीवर कार्ड ठेवलं होतं. खिडकीवरल्याने बघितलं, परत सरकवलं. झालं ते एवढंच. एवढी धावपळ करून ती जशी गेली तशीच परत आली होती. ती मटकन फोटोच्या स्टुलावर बसली.

"मूर्ख आहे मी," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मूर्ख नाही. इथल्या आहात, म्हणून असं झालं," तो म्हणाला. "पाहुणा असता तर बरोबर पाहुण्यांच्या रांगेत गेला असता." मग जरा थांबून, "शुक्रवार संध्याकाळपर्यंत अजून तुम्ही रहिवासीच आहात. शुक्रवारी पुन्हा जाऊ. मी येतो बरोबर. तुमचा काही भरवसा नाही."

धाकटीने डोळे पुसले. मग एकदम मान वर केली.

"शुक्रवारपर्यंत मी रहिवासी," ती सावकाश म्हणाली. "नोकरीही कागदावर शुक्रवारपर्यंत आहे. म्हणजे मी काम करू शकते." ती उठून उभी राहिली. "चला."

"कुठे?"

"डॉक्टरीणबाईंकडे. तोंड उघडायला."

"अहो पण, एवढी काय घा—"

"घाई आहे!" धाकटी आणि मावशी एकदमच म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्याच दुपारी साचा घेतला. रंग जुळवायचं काम मात्र धाकटीचं. तिने त्याला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि नमुन्याच्या दातांची पट्टी त्याच्या ओठांजवळ धरली. बाहेर नुकतीच एक सर येऊन गेली होती. काचेवर थेंब होते, आणि उजेड असा स्वच्छ की खोटा रंग लगेच उघडा पडावा.

"हलू नका," ती म्हणाली. "आणि माझ्याकडे बघू नका."

"मग बघू कुठे?"

"कुठेही. त्या कॅलेंडरकडे."

तो तिच्याकडेच बघत राहिला.

ह्या कामाचा एक नियम आहे. दाताकडे सलग पाच सेकंदांपेक्षा जास्त बघायचं नाही. डोळे थकतात, फसतात, सगळेच रंग सारखे दिसायला लागतात. पाच सेकंद बघायचं, मग निळ्या कागदाकडे बघून डोळ्यांना विसावा द्यायचा, मग पुन्हा पाच सेकंद. हजारो दात बघितले होते धाकटीने, नियम कधी मोडला नव्हता. त्या दुपारी तिने निळ्या कागदाकडे चारदा बघितलं आणि चारही वेळा तिला दाताचा सोडून त्याच्या डोळ्यांचाच रंग आठवला.

"जमत नाहीये का?" त्याने उघड्या तोंडानेच विचारलं.

"बोलू नका. ओठ हलतायत."

गुरुवारी ती लॅबमध्ये आपल्या जुन्या टेबलापाशी बसली. शेजारी यंत्र घरघरत दात कोरत होतं, सगळे एकसारखे, बिनचूक. साहेब दोनदा येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत. धाकटीने थर चढवला, भाजला, खरवडला, पुन्हा चढवला. त्याच्या शेजारच्या दातावर केसासारखी एक फिकी उभी रेघ होती. तशीच रेघ तिने नव्या दातात आत, अगदी खोल घातली. यंत्राने ती चूक समजून पुसली असती. संध्याकाळी भट्टीतून दात बाहेर आला तेव्हा तो तिने तळहातावर घेतला आणि दिव्याखाली फिरवून बघितला. हा तिचा इथला शेवटचा दात होता.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी तो बसवला. मावशींनी बघितला, डॉक्टरीणबाईंनी वाहवा केली. पण जिने केला तिलाच तो नीट दिसेना. कारण खुर्चीवरून उठल्याबरोबर ह्या गृहस्थाने पुन्हा ओठ मिटून घेतले.

"हसा ना!"

"असं सांगून हसू येत नाही."

"तुम्ही सांगून बंद बरं करता लोकांचं!"

तरी तो ढिम्म. नुसते डोळे हसत होते.

धाकटीची खोली त्याच सकाळी सोडायची होती, कारण घरमालक फक्त रहिवाशांनाच ठेवत असे. मावशींनी स्टुडिओवरची माळ्याची खोली झाडून ठेवली होती. एक बॅग बरोबर घेऊन दोघं बसमध्ये बसले, आणि धाकटी मांडीवर पाहुण्यांचा फॉर्म घेऊन भरू लागली.

"यजमानाचं नाव: मावशींचं. पत्ता: दुकानाचा. यजमानाशी नातं…" ती थांबली. "काय लिहू?"

"ओळखीच्या?"

"नुसत्या ओळखीवर कोणी महिनाभर ठेवून घेत नाही. त्यांना संशय येईल."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर शेतं होती, विजेचे खांब होते, आणि बारीक पाऊस.

"रिकामं सोडा," शेवटी तो म्हणाला. "तिथे गेल्यावर बघू."

ह्या खेपेला त्याने तिला बरोबर खिडकीवर नेलं. तिथल्या बाईने कार्ड घेतलं, यंत्राखाली धरलं आणि कट्कन एक भोक पाडलं, नेमकं फोटोतल्या कपाळाच्या जरा वर. सहा वर्षं संपायला एवढाच वेळ लागला. पूल ओलांडताना धाकटी एक शब्द बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हटल्यावर त्याने दोनदा तिच्याकडे वळून बघितलं.

पलीकडच्या कँटीनमध्ये चहा समोर आला आणि फोन वाजला. पाच आठवडे तिने ज्याची वाट बघितली ते उत्तर चार ओळींत होतं.

"इस्पितळाचं आलं," ती म्हणाली. "नाही म्हणाले. तेही यंत्र घेतायत."

त्याने चहाचा कप बशीत अर्धा फिरवला.

"आता परत जाऊन तरी काय करू?" धाकटी म्हणाली. "बॅग आहेच बरोबर. इथूनही विमान मिळतं. राहिलेलं सामान मावशी पाठवतील."

ती थांबली. त्याने काही तरी बोलावं म्हणून थांबली होती. जाऊ नका, एवढं म्हणाला असता तरी पुरलं असतं.

"तुम्हाला… जे बरं वाटेल ते करा," तो म्हणाला.

झालं! धाकटीच्या डोक्यात सणक गेली.

"दातखीळ बसलीय का तुमची?" ती उठून उभीच राहिली. बाजूच्या टेबलावरचे लोक बघायला लागले, पण तिला पर्वा नव्हती. "दिवसभर खपून दात करून दिला तो काय मिटून ठेवायला? मला जायचं नाहीये. कळतंय का? नोकरीसाठी नाही, शहरासाठी नाही… कशासाठी ते तुम्हालाही माहीत आहे. पण तात्पुरत्या कॅपवर चार वर्षं काढणारा माणूस! तीस दिवसांत काय उजेड पाडणार आहे तो?"

तिने बॅग उचलली. निदान मावशींना भेटून, सांगून जावं, एवढंच तिच्या मनात होतं. पुलावरून ती ताडताड चालत परत आली आणि ह्या वेळी न चुकता पाहुण्यांच्या रांगेत उभी राहिली.

पाठोपाठ तोही आला. त्याची रांग रहिवाशांची. मध्ये एक दोरी. दोन-तीनदा त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. धाकटीने समोरच्या माणसाच्या पाठीवरून नजर हलवली नाही. त्याची रांग भरभर सरकली. त्याचं काम आधी झालं, आणि तिचा नंबर आला तेव्हा तो खिडक्यांच्या पलीकडे जाऊन थांबला होता. शिपाई त्याला "पुढे चला" म्हणत होता. तो हलत नव्हता.

खिडकीवरचे अधिकारी वयस्कर होते, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी पासपोर्ट चाळला.

"सहा वर्षं इथे राहिलात. कार्ड आज सकाळीच जमा केलंत. आणि आता पर्यटक?"

"हो."

"सहा वर्षांत बघून झालं नाही? आता काय बघायचं राहिलंय?"

ह्याचं उत्तर धाकटीने पाठ करून ठेवलं होतं. तळं, संग्रहालय, जुना किल्ला. ते ओठांवर आलंही होतं. पण दोन दिवस दाबून ठेवलेलं काही तरी त्याच्या आधी बाहेर पडलं.

"एका माणसाला हसताना बघायचं राहिलंय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि तिला ते पुसायचंही भान नव्हतं. "मी त्याला दात करून दिलाय. माझा शेवटचा. तो दाखवतच नाही."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग पलीकडे उभ्या असलेल्या, शिपायाचं न ऐकणाऱ्या त्या माणसाकडे बघितलं. मग पुन्हा फॉर्मकडे.

"यजमानाशी नातं," त्यांनी रकान्यावर पेन ठेवलं. "हे रिकामं आहे."

धाकटी त्या रिकाम्या रकान्याकडे बघू लागली.

"भाचेसून!"

तो इतक्या मोठ्याने ओरडला होता की आधी त्याचा आवाज तिला ओळखूच आला नाही.

"काय?" अधिकारी म्हणाले.

आता त्या भाषेत भाचेसुनेला एक शब्द नाही. त्यामुळे ज्याला एक वाक्य धड जमत नव्हतं, त्या माणसाला सगळं उकलून सांगावं लागलं. सगळ्या रांगेसमोर, दोरी धरून, घामाघूम होत. "म्हणजे… ज्या यजमान बाई आहेत त्या माझ्या मावशी. मी त्यांचा भाचा. आणि ही… ही माझी… म्हणजे अजून नाही. मी विचारलंच नाही. मला वाटलं, जाणाऱ्या माणसाला अडवायचं कसं… पण मला ती जायला नको आहे. आज नको आणि तीस दिवसांनीही नको. तिने लग्नाला हो म्हटलं तर ती माझी बायको, आणि मग मावशींची ती… ते लिहा."

रांगेतले लोक माना लांब करून बघत होते. शिपाईही थांबला होता.

"'अजून नाही' असं लिहायला इथे जागा नाही," अधिकारी म्हणाले. ते धाकटीकडे वळले. "हो, का नाही?"

पण धाकटीच ती.

"आधी त्याला हसायला सांगा," ती म्हणाली.

त्या अधिकाऱ्यांनी आयुष्यभर मिटल्या ओठांचे फोटो तपासले होते. त्यांनी चष्मा काढला, पलीकडे बघितलं आणि हुकूम सोडला, "हसा!"

आणि तो हसला. आधी जरा बावरून, मग सगळं तोंडभर, मोकळं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दारातून पावसानंतरचा उजेड सरळ त्याच्या चेहऱ्यावर येत होता. आपण केलेला दात कोणता, हे धाकटीलाही क्षणभर सापडलं नाही. मग ती रेघ दिसली. पाच सेकंद झाले, दहा झाले. आसपास कुठेही निळा कागद नव्हता, आणि असता तरी तिने बघितलं नसतं.

"लिहा," ती म्हणाली.

शिक्का उमटला. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती, आणि बस येईपर्यंत दोघं थांब्यावर एका छत्रीखाली उभे राहिले. ह्या खेपेला तो पासपोर्ट त्याने नीट बघून घेतला, कडेने धरून.

"तीस दिवस," तो म्हणाला. "पण तिसाव्या दिवशी तुला जावं लागणार. कागद म्हणजे कागद."

त्याच्या तोंडचं पहिलं 'तू' ऐकून धाकटीचे कान पुन्हा लाल झाले.

"आणि मग?"

"मग त्याच विमानात मी. तुझ्या घरी." जरा थांबून त्याने विचारलं, "मला किती दिवस राहू देतील तिकडे?"

"ते आई ठरवेल. तिचा शिक्का सहज मिळत नाही हं."

"कागद काय काय लागतात?"

"दोन फोटो," धाकटी म्हणाली. "दात दिसणारे."